पाच तासांची मजुरी कोण धरणार?

गणपती उठले की फराळाच्या ऑर्डरींची बोलणी सुरू होतात आणि त्याच सुमाराला दरवर्षी कुणी ना कुणी मला विचारतं, ‘घरून काहीतरी सुरू करावं म्हणतेय. करू का?’ विचारणारी बहुधा सुगरण असते. तिच्या पुरणपोळीचं, चकलीचं नाव नात्यागोत्यात झालेलं असतं. ‘अगं, तू हे विकत का नाहीस?’ असं तिला अनेकांनी म्हटलेलं असतं. पण ही माणसं तिच्याकडे पाहुणी म्हणून जेवलेली असतात. पैसे मोजून घेणाऱ्याचं बोलणं वेगळं असतं. म्हणून मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर चवीत शोधू नये. ते हिशोबाच्या वहीत सापडतं, आणि तिथेही अशा एका ओळीत, जी बहुतेक घरांत लिहिलीच जात नाही.

पुरणपोळीचाच हिशोब मांडू. किलोभर हरभरा डाळ, तेवढाच गूळ आणि साधारण तेवढीच कणीक घेतली, तर मध्यम आकाराच्या चाळीसेक पोळ्या होतात. भाव गावागणिक वेगळे, तेव्हा तुम्ही तुमच्याकडचे घाला. मी अंदाजाने धरते : डाळ ९०, गूळ ६५, कणीक ५०, तेल-तूप ८०, वेलची-जायफळ ३०, गॅस ५०, डबे-पिशव्या ६०. एकूण ४२५ रुपये. पोळी २० रुपयांना दिली, तर चाळीस पोळ्यांचे ८०० आले आणि ३७५ उरले. एका दिवसात पावणेचारशे सुटले म्हणून घरातले सगळे खूश होतात आणि वही मिटते.

वही मिटण्याआधी घड्याळाकडे बघू या. डाळ शिजवणं, कट काढणं, गूळ घालून आटवणं, पुरण वाटणं, कणीक तिंबून मुरत ठेवणं, यात दोन तास सहज जातात. लाटून भाजायला पोळीमागे चार मिनिटं धरली तर आणखी अडीच तासांहून जास्त. मग पोळ्या गार करून डब्यांत भरायच्या, भांडी, ओटा. पाच तास कुठेच गेले नाहीत. म्हणजे तासाला ७५ रुपये. त्यातून फुटलेल्या पोळ्या वजा करा, पोचवायला गेलात तर रिक्षाभाडं वजा करा, आणि ‘दोन वर घाल ना गं’ म्हणणारी मावशीही वजा करा.

७५ रुपये पुरेसे की अपुरे, हे जिचं तिने ठरवावं. माझी काळजी वेगळी आहे. हे पैसे नफा म्हणून लिहिले जातात, पण ती मजुरी असते. हा फरक लगेच जाणवत नाही. ऑर्डरी दुप्पट झाल्या की जाणवतो. आता मदतीला बाई लागते. पाच तासांचे तिला ४०० रुपये दिले, तर दर चाळीस पोळ्यांमागे २५ रुपये पदरचे जातात. म्हणजे मागणी वाढली तरी उद्योग वाढू शकत नाही. मालकिणीला आजारी पडता येत नाही, माहेरच्या लग्नाला चार दिवस जाता येत नाही. हीच पोळी २५ रुपयांना विकली, तर ५७५ उरतात, मदतनीस बाईला ४०० देऊन १७५ राहतात, आणि तो खरा नफा. एका पोळीमागे पाच रुपयांचा फरक, पण त्यावरच पुढचं सगळं ठरतं.

म्हणून ‘करू का?’च्या आधी विचारायचं ते हे, की माझ्या भागात २५ रुपयांना पोळी घेणारी पुरेशी माणसं आहेत का? हे पहिल्या ऑर्डरीपासून, पुऱ्या भावाने तपासावं. ‘सध्या ओळखीचा भाव, पुढे वाढवू’ असं म्हणून सुरू केलेला भाव वाढवणं फार जड जातं, कारण वाढवायची वेळ येते तेव्हा समोर गिऱ्हाईक म्हणून नणंद उभी असते.

आपल्याकडे घरबसल्या उद्योगाचं सर्वांत मोठं उदाहरण म्हणजे लिज्जत पापड. गिरगावातल्या सात बायकांनी १५ मार्च १९५९ रोजी इमारतीच्या गच्चीवर, उसन्या ८० रुपयांवर पापड लाटायला सुरुवात केली. त्यांतल्या जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री जाहीर झाली. ही गोष्ट जिद्दीची म्हणून नेहमी सांगितली जाते, आणि ती तशी आहेच. मला मात्र तिच्यातली व्यवस्था जास्त मोलाची वाटते. सकाळी केंद्रावरून भिजवलेलं पीठ घरी न्यायचं, लाटून वाळवलेले पापड परत आणून द्यायचे आणि वजनावर वणाईचे, म्हणजे लाटण्याचे, पैसे घ्यायचे. लाटणाऱ्या हाताची मजुरी हिशोबात आधी धरली जाते, नफा-तोटा त्यानंतर. चाळीस हजारांहून अधिक बायकांपर्यंत हे काम पोचलं, त्यामागे या शिस्तीचा वाटा मोठा आहे असं मी मानते.

दुसरं उदाहरण आपल्या अगदी जवळचं. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायका एका खोलीच्या बिऱ्हाडात गिरणी कामगारांना महिन्याच्या बोलीवर जेवू घालत. माणसं महिनाअखेर पैसे देणार, वाण्याचं सामान मात्र रोज लागणार. मधली पोकळी भरायला सावकार, आणि सावकाराचं व्याज त्यांच्या कष्टातून वसूल होई. प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. या बायकांना स्वयंपाक शिकवायची कुणाला गरज नव्हती. त्या अडत होत्या खेळत्या भांडवलावर आणि उधारीवर. आज महिन्याचा डबा देणाऱ्या कितीतरी जणी त्याच जागी अडतात. डब्याचे पैसे महिन्याच्या सुरुवातीला घ्यावेत, मोठ्या ऑर्डरीला अर्धी रक्कम आगाऊ मागावी. मागताना जीभ अडखळते, हे खरं. तरीही मागावी.

नियमांचं थोडक्यात. घरून खाद्यपदार्थ विकायचे तर अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. लहान उत्पादकासाठी ती ऑनलाइन होते, खर्चही फारसा नाही, आणि मिळालेला १४ अंकी क्रमांक पाकिटावर छापावा लागतो. त्यासोबत घटक, वजन, बनवल्याची आणि वापराची तारीखही हवी. घरगुती १४.२ किलोचा सिलिंडर धंद्यासाठी वापरता येत नाही, त्याला १९ किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो. तो महाग पडतो, म्हणून वर धरलेले गॅसचे ५० रुपये त्या भावाने पुन्हा मोजावेत. ‘एवढ्याशा कामाला कोण विचारतंय’ हे शेजारणीचं म्हणणं ऐकून पुढे जाऊ नये. तळणाच्या वासावरून सोसायटीत एक तक्रार झाली, की सगळे विचारायला लागतात.

घरघंटी, डीप फ्रीझर, कणीक मळायचं यंत्र यांची खरेदी मात्र थांबवावी. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. मिळतंय म्हणून लगेच घेण्याची गरज नाही. ऑर्डरी परत पाठवाव्या लागताहेत, असं दोन-तीन महिने सलग झालं की यंत्राची वेळ आली. त्या महिन्यांत दिवाळी मोजू नये. दिवाळीत सगळ्यांचंच विकलं जातं.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. ताईंच्या नावाने चालणाऱ्या कितीतरी घरगुती उद्योगांत पैसे घ्यायचा क्यूआर कोड नवऱ्याच्या किंवा मुलाच्या नावावर असतो. हेतू वाईट नसतो, सोय म्हणून ते होतं. पण मग वर्षाअखेर किती आले आणि किती गेले, हे तिला दुसऱ्याला विचारावं लागतं. खातं तिच्या नावाचं, कोड तिच्या फोनचा आणि उद्यम नोंदणीही तिच्याच नावाची असावी. ती नोंदणी विनामूल्य आहे. पुढे कर्ज मागायला गेल्यावर बँक तिच्या खात्यातली उलाढाल बघते, मुलाच्या नाही.

घरातल्यांशी बोलणंही पहिल्या ऑर्डरीच्या आधी व्हायला हवं. सकाळी सात ते बारा ओटा अडलेला असेल तेव्हा सासऱ्यांचा दुसरा चहा कोण करणार? दहावीतल्या मुलीच्या अभ्यासाच्या वेळी दारावर येणाऱ्या माणसांचं काय? ‘आम्ही आहोत ना’ एवढं उत्तर पुरेसं नाही. कोण, काय, किती वाजता, हे ठरावं. कारण घरून काम करणारी बाई घरातच असते, म्हणून ती मोकळी आहे असं सगळे धरून चालतात.

माझ्या ओळखीतल्या एकींनी असा हिशोब करून पुरणपोळीचा बेत बाजूला ठेवला आणि थालिपिठाची भाजणी धरली. भाजणी टिकते, कुरियरने दुसऱ्या गावाला जाते, धान्य एकाच दिवशी भाजून दळून आणता येतं, आणि उरलेला आठवडा मोकळा राहतो. त्यांनी भावात स्वतःच्या तासांचे पैसे पहिल्या पाकिटापासून धरले. काही ओळखीच्या बायका महाग म्हणून परत गेल्या, ते त्यांनी सोसलं. त्यांचं काम चालू आहे.

दुसऱ्या एकींनी तोच हिशोब केला आणि सध्या नाही, असं ठरवलं. सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या, सलग पाच तास ओट्यापाशी उभं राहणं त्यांना शक्य नव्हतं, आणि तुकड्यातुकड्यांनी काम केलं तर माल एकसारखा होणार नाही, हे त्यांना कळत होतं. मला त्यांचा निर्णय पहिलीच्या निर्णयाइतकाच विचारपूर्वक वाटतो. ‘हातात कला असून घरी बसलीस’ असं त्यांना भेटेल तिथे ऐकवणाऱ्या नातेवाइकांनी ते आता थांबवावं. आणि खरंच काही करावंसं वाटत असेल, तर आठवड्यातून एक सकाळ सासूबाईंपाशी येऊन बसावं.