अर्जात न लिहिलेली पदवी

नंदुरबारच्या बाजारात लाल मिरचीची आवक सुरू झाली की पेढ्यांना माणसे लागतात. काट्याजवळ उभा राहणारा, पोत्यांची मोजदाद ठेवणारा, पथारीवर वाळत घातलेल्या मिरचीवर लक्ष ठेवणारा. कामावर येणारा तरुण शिक्षण विचारल्यावर ‘बारावी’ एवढेच सांगतो. महिन्या-दोन महिन्यांनी कोणाकडून तरी कळते की तो बी.ए. आहे, आणि शेठजींच्या मनात पहिला विचार येतो तो हा की, हा मुलगा खोटे बोलला.

तो का लपवतो, याचे कारण शोधायला दूर जावे लागत नाही. अक्कलकुवा, धडगाव भागातील कितीतरी घरांत पदवीपर्यंत पोहोचलेली ही पहिलीच पिढी. जळगावच्या विद्यापीठाचे ते प्रमाणपत्र घरात जपून ठेवलेले असते, आणि दुकानात तेच आडवे येते. ‘इतका शिकलेला तू, इथे किती दिवस टिकशील?’ हा प्रश्न अगदी निराधार नाही. हाताखाली तयार केलेला माणूस ऐन हंगामात स्पर्धा परीक्षेसाठी निघून गेल्याचा अनुभव व्यापाऱ्यांना आहे. (आपल्याच बी.कॉम. झालेल्या मुलाला गादीवर बसवताना मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही.)

पदवीधराने लहान काम मागणे आता नवलाचे राहिलेले नाही. मुंबईत मंत्रालयाच्या उपाहारगृहात वाढप्यांच्या १३ जागांसाठी सुमारे ७,००० अर्ज आले होते. पात्रता होती चौथी उत्तीर्ण. २०१९ च्या आरंभी निवड जाहीर झाली तेव्हा १३ पैकी १२ जण पदवीधर निघाले. तेथे पदवी आड आली नाही.

पंजाब नॅशनल बँकेच्या शिपाई भरतीत ती आली. २०१६ च्या त्या भरतीची अट स्पष्ट होती : उमेदवार बारावी उत्तीर्ण असावा, पदवीधर नसावा. ओडिशातील एका उमेदवाराने २०१४ मध्ये मिळवलेली पदवी अर्जात लिहिली नाही. निवड झाली, मग पदवी उघड झाली आणि त्याला रुजू करून घेतले गेले नाही. उच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने निकाल दिला. परंतु सर्वोच्च न्यायालयाने ३ नोव्हेंबर २०२० रोजी तो फिरवला. अट मान्य नव्हती तर तिला आव्हान द्यायचे होते. माहिती दडवून नेमणुकीचा हक्क सांगता येत नाही, असा त्या निकालाचा आशय होता.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात सत्याणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत न्यासापहार आहे. ठेव ठेवणारा आकडा विसरून कमी रक्कम मागू लागला असता ‘हो, तेवढीच’ म्हणणे, म्हणजे न्यासापहार. ‘बारावी ना?’ या प्रश्नाला पदवीधराने दिलेला होकार वरवर पाहता याच जातीचा वाटतो. पण ठेवीच्या व्यवहारात समोरच्याचे धन बुडते. पेढीवर बी.ए. झालेला मुलगा बारावीच्या पगारावर पोती मोजतो, तेव्हा शेठजींचे काय बुडाले? बँकेच्या प्रकरणात मात्र बुडाले होते, आणि ते बँकेपेक्षा अधिक त्या बारावी उत्तीर्ण मुलाचे, ज्याच्यासाठी ती जागा राखलेली होती.

म्हणून ज्या अर्जात संपूर्ण शिक्षण लिहा असे म्हटले आहे, किंवा पदवीधर नको अशी अट आहे, तेथे पदवी गाळणे हा दोषच. कूटलेखापासून ते फार दूर नाही. ज्या दुकानात केवळ काम येते का एवढेच पाहिले जाते, तेथे न विचारलेली पदवी आपण होऊन सांगण्याचे बंधन कोणावर नाही. थेट विचारल्यावर ‘नाही’ म्हणणे मात्र त्याही ठिकाणी असत्यच.

आणि विचारणाऱ्याचेही काही उत्तरदायित्व आहे. खरे सांगणारा परत पाठवला जातो आणि लपवणारा कामाला लागतो, अशी ज्या पेढीची रीत पडली, तिने नोकराच्या असत्याविषयी तक्रार करणे शोभत नाही. शेठजींना खरी धास्ती असते ती माणूस मध्येच सोडून जाण्याची. मग शिक्षणाआधी तेच विचारावे : मिरचीचा हंगाम संपेपर्यंत राहशील का? परीक्षा आहे का, आणि कोणत्या महिन्यात? त्या महिन्यातील सुट्टी आधीच ठरवून घेता येते.