‘व्हॉल्व्ह फिरवायचं काम’ म्हणणाऱ्यांसाठी

परवा वडगावात एका रोजगार मेळाव्याची बातमी करायला गेलो होतो. मांडव, हार-तुरे, स्टेजवर नेहमीची मंडळी. एका पोरानं माइक घेऊन विचारलं, "साहेब, ऑइल अँड गॅसमध्ये ऑपरेटर म्हणून जायचंय, काय शिकावं लागेल?" स्टेजवरचे एक पुढारी हसले. म्हणाले, "त्यात काय शिकायचं? व्हॉल्व्ह फिरवायचं काम. पाना धरता येतो ना?" मांडवात हशा पिकला. पोरगं लाजून खाली बसलं.

बातमीत मी हे लिहिलं नाही. बातमी ‘मेळाव्यास तरुणांचा उत्स्फूर्त प्रतिसाद’ अशी गेली. तीन दिवस ते डोक्यात फिरतंय, म्हणून आज इथे लिहितोय. लांबलंय, पण वाचा.

मावळात ‘पाइपलाइन’ म्हटलं की आपल्याला 9 ऑगस्ट 2011 आठवतो. बऊरला द्रुतगती मार्गावर गोळीबार झाला, तीन शेतकरी गेले. ती पाण्याची पाइपलाइन होती. पण आपल्या डोंगरांतून आणखी एक पाइप जातो, त्याची आपल्याला आठवणही नसते. मुंबईहून लोणी काळभोरकडे पेट्रोल-डिझेल नेणारी वाहिनी घाट चढून येते. ज्यांच्या जमिनीतून असा पाइप जातो त्यांना 1962 चा कायदा पाठ असतो. सातबारा तुमच्याच नावावर, पण त्या पट्ट्यात घर नाही, विहीर नाही, झाड नाही.

आता जरा हिशेब करू. वळवणच्या तलावाचं पाणी खाली खोपोलीला सोडून 1915 पासून वीज तयार होते. पाणी उतरताना केवढी ताकद देतं ते लोणावळेकराला सांगायला नको. पेट्रोलचं उलटं आहे, ते तोच घाट चढतं. सहाशे मीटर उंचीवर पेट्रोल चढवायचं, तर नुसत्या चढणीसाठी 45 किलोच्या आसपास प्रेशर लागतं. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये दोन-सव्वादोन किलो असतं. त्याच्या वीसपट. अशा लाइनीवरचा व्हॉल्व्ह कुणी झटक्यात बंद केला तर काय होईल? बोअरची मोटर एकदम बंद पडल्यावर पाइप कसा ठण्णकन आदळतो ते शेतकऱ्यानं ऐकलंय. तोच दणका शेकडो पट मोठा धरा, आणि आत पाण्याऐवजी पेट्रोल.

म्हणजे व्हॉल्व्ह फिरवायला पाना पुरतो. कधी, किती आणि किती सावकाश फिरवायचा, यासाठी माणूस लागतो.

हे झालं आपल्या पायाखालचं. आता जिथून तेल निघतं तिथे चला. मुंबईपासून साधारण 160 किलोमीटरवर समुद्रात मुंबई हाय. 1974 मध्ये ‘सागर सम्राट’ला तिथे तेल लागलं, मे 1976 पासून उत्पादन सुरू आहे. अशा ठिकाणी ऑपरेटर काय करतो? विहिरीतून तेल एकटं येत नाही. तेल, पाणी, गॅस सगळं एकत्र येतं, आणि तेही सरळ येत नाही. कधी नुसता गॅस येतो, कधी अचानक द्रवाचा लोंढा. सेपरेटरमध्ये तिघांना वेगळं करायचं. लोंढा आला की पातळी झपकन वर जाते. तो द्रव गॅसच्या लाइनीतून कॉम्प्रेसरमध्ये शिरला तर कॉम्प्रेसर बाद, आणि जवळ उभ्या माणसांचं काय ते विचारू नका. बंद ठेवलेली विहीर सुरू करायची तर नळ सोडल्यासारखी सोडता येत नाही. जरासं उघडायचं, थांबायचं, गेज बघायचं, पुन्हा जरासं उघडायचं.

बारा तासांची पाळी. ठरलेल्या वेळी राउंड. हातात लॉगशीट, पण खरं काम कान, नाक आणि तळहात करतात. पंपाचा आवाज कालच्यापेक्षा जाड झालाय का? बेअरिंग हाताला जास्त गरम लागतंय का? जमिनीवर ओल आहे ती पावसाची की गळतीची?

नाकाचीही एक गोष्ट आहे. काही विहिरींच्या गॅसमध्ये हायड्रोजन सल्फाइड असतो, सडक्या अंड्याच्या वासाचा. पण प्रमाण वाढलं की हा गॅस आधी नाकच मारतो, वास येणं बंद होतं. नवखा म्हणतो, वास गेला म्हणजे गॅस गेला. जाणता तिथून पळतो. हा फरक पाना धरून येत नाही, साहेब.

"आता सगळं ऑटोमॅटिक झालंय, कॉम्प्युटर सांभाळतो," असं कुणी तरी कमेंटमध्ये लिहिणारच. म्हणून आधीच सांगतो. मार्च 2005 मध्ये अमेरिकेत टेक्सास सिटीच्या रिफायनरीत एक उंच मनोरा द्रवानं भरत चालला होता आणि पडद्यावर पातळी उतरताना दिसत होती. मोजणारं यंत्रच चुकीचं सांगत होतं. 15 माणसं मेली. चौकशीत निघालं, तिथल्या काही ऑपरेटरांनी बारा-बारा तासांच्या पाळ्या 29 किंवा त्याहून जास्त दिवस सलग केल्या होत्या. कॉम्प्युटर तेवढंच सांगतो जेवढं त्याला कळतं. तो खोटं सांगतोय हे ओळखायला ताजातवाना माणूस लागतो.

आता मुद्द्यावर येतो. या कामातलं सगळ्यात मोठं कौशल्य चालवण्याचं नाही, थांबवण्याचं आहे. "आता बंद करा" हे योग्य वेळी ओळखणं आणि ते बोलण्याची हिंमत असणं. आणि आपल्याकडे पहिलं शिकवतात, दुसऱ्याची शिक्षा देतात.

6 जुलै 1988. ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात पायपर अल्फा नावाचा प्लॅटफॉर्म जळाला. 167 माणसं मेली. दिवसपाळीनं एका पंपाचा सेफ्टी व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला होता, रात्रपाळीला ते कळलंच नाही. दुसरा पंप बंद पडला म्हणून त्यांनी हाच सुरू केला. चार्ज देताना-घेताना एक गोष्ट निसटली, तिची ही किंमत. पण याहून वाईट पुढेच आहे. शेजारचे दोन प्लॅटफॉर्म त्याच जाळ्याला जोडलेले होते. तिथल्यांना आग दिसत होती, तरी त्यांचं उत्पादन चालूच राहिलं. बंद करायचा अधिकार आपल्याला आहे का, वरचे काय म्हणतील, या घोळात वेळ गेला. आणि त्यांचं तेल-गॅस आगीला खाद्य देत राहिलं.

इंग्रज साहेबाला जिथे "थांबवा" म्हणता आलं नाही, तिथे आमच्या कंत्राटी पोराची काय कथा?

आमच्या गल्लीतला एक पोरगा. आयटीआय झालेला, ‘अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट’ ट्रेड, दोन वर्षं घासून. एका ठेकेदाराकडे ऑपरेटर म्हणून लागला. कुठे, कुणाकडे ते लिहीत नाही, त्याला अजून पोट आहे. रात्रीच्या राउंडला पंपाचा आवाज बदललेला वाटला. त्यानं सांगितलं, पंप बंद करून बघू. सुपरवायझर म्हणाला, "सकाळपर्यंत ओढ." यानं लॉगशीटमध्ये लिहून ठेवलं. सकाळी सील गेलंच. सुदैवानं आग लागली नाही. पुढच्या महिन्याच्या यादीत कुणाचं नाव नव्हतं, ओळखा.

त्याची आई मला म्हणाली, "भाऊ, यानं तोंड उघडायला नको होतं." मी काय बोलणार? मी मान हलवली. त्या मान हलवण्याची मला आज लाज वाटते.

कायदा काय देतो तेही बघा. भोपाळनंतर 1987 साली कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगाराला धोक्याची सूचना देण्याचा हक्क मिळाला. सूचना देण्याचा. काम थांबवण्याचा नाही. मोठ्या कंपन्यांच्या भिंतीवर ‘असुरक्षित वाटल्यास काम थांबवा’ असे फलक असतात. फलक कायम नोकरीवाल्यासाठी खराही असेल. पण ज्याचा ठेका मार्चमध्ये संपतो, ज्याचा दिवस भरला तरच पगार, तो फलक वाचून काय करणार?

मुंबई हायनं आपल्याला दोनदा इशारा दिलाय. 27 जुलै 2005, मुंबई बुडाली त्याच्या दुसऱ्या दिवशी, खवळलेल्या समुद्रात एका जखमी माणसाला उतरवायला आलेलं जहाज लाटेनं गॅसच्या उभ्या पाइपवर आदळलं. दोनेक तासांत अख्खा प्लॅटफॉर्म गेला, 22 जीव गेले. मग मे 2021, तौक्ते वादळ. इशारा काही दिवस आधीपासून होता. तरी पी-305 हा तराफा 261 माणसांसह समुद्रातच राहिला आणि 17 मे रोजी बुडाला. 70 हून जास्त माणसं गेली. जबाबदारी कुणाची हे ठरवायला समिती, चौकशी, पोलीस सगळं झालं. मला एवढंच विचारायचंय. त्या 261 जणांमधल्या एखाद्या वेल्डरला, फिटरला, स्वयंपाक्याला वाटलं असेल ना, की आता परत फिरावं? त्याचं ऐकण्याची कुठे सोय होती?

"पण कुणीही उठून काम बंद करायला लागला तर कोट्यवधीचं नुकसान," असं म्हणणारे भेटतात. मुद्दा खोटा नाही. एखादा विनाकारण थांबवेलही. पण त्या थांबण्याचं नुकसान मोजता येतं, दुसऱ्या दिवशी भरूनही निघतं. न थांबण्याचं नुकसान कसलं असतं ते आपण लोणावळ्यात पाहिलंय. 13 जून 2023, कुणे पुलावर टँकर उलटला, पेटला, जळता द्रव पुलाखालच्या रस्त्यावर पडला. चार जीव गेले. पुलाखालून जाणाऱ्यांचा टँकरशी काय संबंध होता? काहीच नाही. ज्वलनशील माल सांभाळणाऱ्याचं काम बिघडलं की किंमत भलताच माणूस चुकवतो. म्हणून हा फक्त कामगारांचा प्रश्न नाही, तुमचा-माझा आहे.

आणि ते खांबा-खांबावरचे कागद! ‘ऑइल अँड गॅस कोर्स, 45 दिवस, परदेशात नोकरीची हमी.’ आईचे दागिने गहाण टाकून पोरं फी भरतात. एकीकडे पुढारी म्हणतात शिकायचं काय त्यात, दुसरीकडे एजंट म्हणतो 45 दिवसांत शिकवतो. दोघांचा हिशेब एकच आहे, हे काम म्हणजे काहीच नाही. म्हणूनच पगार हेल्परचा आणि जबाबदारी इंजिनिअरची.

माझ्या तीन मागण्या आहेत. सोप्या आहेत.

एक. कंत्राटी ऑपरेटरला धोका दिसला तर काम थांबवायचा अधिकार ठेक्याच्या करारातच लिहा. आणि थांबवल्याबद्दल ना पगार कापायचा, ना पुढच्या यादीतून नाव. नाव कापलं तर कारण लेखी द्या.

दोन. ठेकेदार बदलला की ऑपरेटर बदलायचा, हा खेळ बंद करा. त्या पंपाचा आवाज पाच वर्षं ऐकलेला कान तुम्हाला बाजारात मिळणार नाही. त्याचा अनुभव कुशल कामगार म्हणून धरा आणि तसा पगार द्या.

तीन. ही गावांसाठी. ज्या शिवारातून पाइप जातो, तिथल्या ग्रामसभेत एकदा तरी विचारा की गळती झाली तर फोन कुणाला करायचा, व्हॉल्व्ह कुठे आहे, बंद करायला कोण येणार आणि किती वेळात. पाइपच्या खुणेच्या दगडावर नंबर असतो, तो वाचला गेलाय का?

आणि एक मागणी माझ्याच जातभाईंकडे, म्हणजे पत्रकारांकडे. ‘मॉक ड्रिल उत्साहात संपन्न’ ही बातमी मी स्वतः किती वेळा केली त्याची गणती नाही. फोटोत अधिकारी, पाहुणे, नारळ. ज्यानं व्हॉल्व्ह बंद केला त्याचं नाव मी एकदाही विचारलं नाही. पुढच्या वेळी विचारणार.

त्या मांडवातल्या पोरा, तू हे वाचत असशील तर ऐक. तुझा प्रश्न बरोबर होता. शिकायला पुष्कळ लागतं. आयटीआयला जा, दोन वर्षं दे, गणित आणि प्रेशरचा धडा नीट कर, आणि पहिल्या वर्षी जाणत्या ऑपरेटरच्या मागे गुपचूप फिर. व्हॉल्व्ह फिरवायला तू शिकशीलच. "थांबा" म्हणायलाही शीक. ते म्हटल्यावर तुझी नोकरी टिकेल, एवढं बघणं हे आमचं काम.

हसणाऱ्या साहेबांना टॅग करत नाही. त्यांना कळेल.