बोगद्यालाही ताप येतो

लंडनच्या भूमिगत रेल्वेच्या जाहिराती शंभर वर्षांपूर्वी उन्हाळ्यात प्रवाशांना गारव्यासाठी खाली बोलावत असत. त्यात खोटे काही नव्हते. १९०० च्या सुमारास तिथल्या खोल बोगद्यांभोवतीची चिकणमाती साधारण १४ अंश सेल्सिअस होती. आज ती काही ठिकाणी २५ अंशांच्या घरात आहे आणि उन्हाळ्यात काही मार्गांवर डब्यातला पारा तिशी ओलांडतो.

याचे एक मूळ बोगद्याच्या मापात आहे. खोदाईचा खर्च वाचावा म्हणून हे बोगदे सुमारे ३.५६ मीटर व्यासाचे केले गेले आणि गाड्या त्यात जेमतेम मावतील अशा गोल पाठीच्या. अशी गाडी बोगद्यात शिरते ती सिरिंजमधल्या दट्ट्यासारखी. काही हवा पुढे ढकलली जाते, उरलेली गाडी आणि भिंत यांमधल्या चिंचोळ्या फटीतून मागे पळते. फट जितकी अरुंद, तितका विरोध जास्त. उघड्यावरच्या त्याच वेगाला इथे अधिक वीज लागते आणि ती वीज शेवटी उष्णताच होते. ब्रेक लागताना होणारी उष्णता तर याहून मोठी. उघड्यावर ती वाऱ्यावर निघून जाते. इथे माती ती शोषत राहिली आणि तापत गेली.

गर्दीला दोष देणे सोपे असते. शांत बसलेले माणूस सुमारे १०० वॉट उष्णता सोडते, म्हणजे ८०० प्रवाशांची ८० किलोवॉट. आकडा मोठा वाटतो, पण एकूण उष्णतेत प्रवाशांचा वाटा थोडा आहे. बहुतांश उष्णता गाड्यांचीच.

भोगतो मात्र प्रवासी. हवा त्वचेइतकी तापली की शरीराकडे घामाचे बाष्पीभवन एवढाच उपाय उरतो आणि दमट, कोंदट डब्यात तोही लंगडा पडतो. त्वचेतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, उभ्या माणसाचे रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते, भोवळ येते. गर्भवती, वृद्ध, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे आणि न्याहारी न करता निघालेले तरुण यांना हा धोका अधिक. अशा माणसाला लोक प्रेमाने धरून उभे ठेवतात, ते चूक आहे. त्याला आडवे करून पाय उंच करावेत. गरगरू लागले तर पुढच्या स्टेशनवर उतरावे. गाडी बोगद्यात थांबली तर तिने ढकललेला वाराही थांबतो आणि सगळेच उकाड्यात अडकतात.

मग जुन्या गाड्यांत वातानुकूलन का नाही? त्या छोट्या गाड्यांत यंत्राला जागा नाही आणि यंत्राने बाहेर टाकलेली उष्णता त्याच बोगद्यात साचणार. २०२२ मध्ये सुरू झालेल्या एलिझाबेथ मार्गाचे बोगदे ६.२ मीटर व्यासाचे आहेत, म्हणजे छेदाचे क्षेत्रफळ जुन्यांच्या तिप्पट. गाड्याही मोठ्या आहेत, पण वातानुकूलित.

मुंबईची जमीन लंडनइतकी गार कधीच नव्हती. आरे ते कफ परेड भुयारी मेट्रोच्या गाड्या वातानुकूलित आहेत हे चांगलेच. पण डब्यातून बाहेर फेकलेली उष्णता जाते कुठे, याचे मोजमाप पहिल्या वर्षापासून व्हावे आणि ते जाहीर व्हावे. बोगदा नंतर रुंद करणे फार अवघड असते. आणि रात्री गाड्या थांबल्यावर त्याच बोगद्यात उतरून काम करणाऱ्या कामगारांना वातानुकूलित डबा नसतो.