इन्स्टॉल करणं हाच पहिला धडा



शाळेत आर्डुइनोचं किट आलं की आपण काय करतो? ओळखीच्या कॉम्प्युटरवाल्या दादाला बोलावतो. तो अर्ध्या तासात सगळं 'टाकून' देतो. दुसऱ्या दिवशी दिवा लुकलुकतो, टाळ्या पडतात, फोटो ग्रुपवर जातो. जासईत मीही हेच केलं. मग आठवीतली एक मुलगी बोर्ड घरी घेऊन गेली आणि सकाळी तसाच परत घेऊन आली. म्हणाली, "सर, आमच्या लॅपटॉपवर ते चित्रच नाहीये." चूक तिची नव्हती, माझी होती. म्हणून माझं स्पष्ट मत सांगतो: सॉफ्टवेअर मुलांनीच इन्स्टॉल करावं. ती तासाआधीची तयारी नाही, तो तासच आहे.

आधी मुलांना एक गोष्ट समजू द्या. बोर्डाला ना कीबोर्ड, ना पडदा. ऊनो बोर्डात प्रोग्राम ठेवायला जागा फक्त ३२ केबी. म्हणून प्रोग्राम लिहायचा आणि त्याचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करायचं ते कॉम्प्युटरवर. तयार झालेला प्रोग्राम तेवढा यूएसबी केबलने बोर्डात पाठवायचा. स्वयंपाक घरी, डबा शाळेत, तसंच हे. एवढं कळलं की सॉफ्टवेअर कशाला लागतं हे वेगळं सांगावं लागत नाही.

मग मुलांना अडू द्या. अडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. नवी २.० आवृत्ती विंडोज १० च्या खाली चालत नाही. जुन्या विंडोज ७ च्या मशीनवर १.८.१९ टाका. ऊनोसाठी लागणारी साधनं तिच्यातच असतात, त्यामुळे पेनड्राइव्हवरून इंटरनेटशिवायही काम होतं. स्वस्त बोर्डांवर बऱ्याचदा सीएच३४० ही चिप असते, तिचा ड्रायव्हर वेगळा टाकावा लागू शकतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'पोर्ट्स'खाली नवा कॉम क्रमांक दिसला का, हे मुलांनाच बघायला लावा. नाही दिसला तर आधी केबल बदला. मोबाईलच्या काही केबल फक्त चार्जिंगच्या असतात. शेवटी टूल्समध्ये बोर्ड आणि पोर्ट निवडून 'ब्लिंक' अपलोड करायचं आणि १००० चा आकडा २०० करून दिवा भराभर लुकलुकतो का ते पाहायचं. आकडा बदलला तसा दिवा बदलला, म्हणजे सगळं नीट बसलं.

"सर, यात दोन तास जातात, पोर्शन कधी संपवायचा?" हा प्रश्न रास्त आहे. पण त्या दोन तासांत मुलगा एरर वाचतो, एका वेळी एकच गोष्ट बदलून बघतो, काय केलं ते वहीत लिहितो. विज्ञानाच्या प्रयोगात आपण दुसरं काय शिकवतो? व्हायरसची भीतीही खरी आहे. त्यावर उपाय म्हणजे फाइल फक्त अधिकृत साइटवरूनच घ्यायची. मुलांचे हात बांधून ठेवणं हा उपाय नव्हे.

आपल्या जासईत तर हे जास्तच महत्त्वाचं. नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये, याच गावच्या दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली, इथे आंदोलन झालं. गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. त्या पिढीची नातवंडं आज आपल्या वर्गात बसतात आणि न्हावा-शेवा बंदराकडे जाणारे कंटेनर रोज बघतात. मोठ्या यंत्रांच्या आत बसवलेल्या कंट्रोलरमध्येही प्रोग्राम असाच बाहेरच्या लॅपटॉपवरून टाकतात. तो लॅपटॉप घेऊन येणारा माणूस दरवेळी बाहेरगावचाच का असावा? आपली पोरं नुसती गेटवरच उभी राहणार का?

म्हणून दोन विनंत्या. शिक्षकहो, लॅबमधलं एक जुनं मशीन बाजूला काढा. त्यावर महत्त्वाचं काही ठेवू नका आणि त्याचा ॲडमिन पासवर्ड तासापुरता मुलांना द्या. बिघडलं तर पुन्हा करता येतं. पालकहो, घरच्या लॅपटॉपवर पोर काही इन्स्टॉल करायला बसलं तर लगेच ओरडू नका. शेजारी बसा आणि विचारा, "आता कुठं अडलंय?" उत्तर तुम्हाला येत नसलं तरी चालेल.

आमच्या त्या मुलीने पुढच्या आठवड्यात केबल बदलली, ड्रायव्हर टाकला आणि घरी दिवा लावला. यावेळी फोटो तिनेच पाठवला.