सल्लागारांची नवी बाराखडी

२०१७ सालच्या दिवाळीत महाराष्ट्रातील शेतकऱ्यांना कर्जमाफीची प्रमाणपत्रे वाटण्यात आली. त्याच वर्षी जूनमध्ये जाहीर झालेली ही योजना ३४ हजार २२ कोटी रुपयांची असून तिचा लाभ ८९ लाख शेतकऱ्यांना मिळेल, असे सरकारने सांगितले होते. अर्ज ऑनलाइन, ओळख आधार क्रमांकाने, पडताळणी बँकांकडील कर्जखात्यांशी. कागदावर सारे चोख होते. प्रत्यक्षात बँकांच्या याद्या आणि अर्जदारांच्या याद्या एकमेकींशी जुळेनात. एकच आधार क्रमांक अनेक नावांपुढे आढळला. याद्या पुन्हा तपासाव्या लागल्या आणि पैसे खात्यात जमा होण्यास विलंब झाला. त्यावर जी चर्चा झाली ती बहुतांशी राजकीय होती. मात्र दोन याद्या एकमेकींशी जोडताना काय काय घडते, याचा विचार योजना आखणाऱ्यांच्या टेबलावर पुरेसा झाला नव्हता, ही गोष्ट त्या गदारोळात बाजूला राहिली.

सात-आठ वर्षांनी त्याच प्रश्नाने वेगळ्या रूपात डोके वर काढले. २०२४ मध्ये सुरू झालेल्या ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेच्या लाभार्थ्यांची माहिती २०२५ मध्ये इतर विभागांच्या माहितीशी ताडून पाहिली गेली, तेव्हा सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असल्याचे आढळले. काही ठिकाणी तर पुरुषांनीच लाभ घेतल्याचे निष्पन्न झाले. जून २०२५ पासून या खात्यांचे पैसे थांबविण्यात आले आणि फेरतपासणी जिल्हाधिकाऱ्यांकडे सोपविण्यात आली. जी ताडणी पैसे देण्यापूर्वी व्हायला हवी होती ती नंतर झाली, आणि तिच्यात एखादी खरी पात्र बहीण चुकून अडकली असेल, तर तिच्यासाठी महिन्याचे दीड हजार रुपये ही किरकोळ बाब नाही.

सरकारी विभाग असोत की खासगी बँका, अशा कामांभोवती आज सल्लागारांचा मोठा ताफा वावरत असतो. त्यात व्यवस्थापनाचे पदवीधर असतात, सनदी लेखापाल असतात, समाजकार्य, अर्थशास्त्र वा कृषी शाखेतून आलेली तरुण मंडळी असतात. परिस्थितीचा अभ्यास करायचा, मुलाखती घ्यायच्या, आकडे मागवायचे आणि सादरीकरण तयार करायचे, हा त्यांचा व्यवसाय. आकडे ‘मागवायचे’ या शब्दातच त्यांची अडचण दडलेली आहे. आकडे दुसरा कोणी तरी काढून देतो. ते कोठून आले, वाटेत त्यांचे काय झाले, याची चौकशी करण्याची भाषा सल्लागाराकडे नसते. म्हणूनच गेल्या काही वर्षांत बिगरतांत्रिक सल्लागारांनी डेटा इंजिनीअरिंग शिकावे काय, हा प्रश्न मुंबई-पुण्याच्या कार्यालयांत गांभीर्याने विचारला जाऊ लागला आहे.

त्याला निमित्तही तसेच घडले आहे. ॲक्सेंचरने सप्टेंबर २०२५ मध्ये ८६ कोटी ५० लाख डॉलरचा पुनर्रचना कार्यक्रम जाहीर करताना, ज्यांना नवी कौशल्ये शिकविणे व्यवहार्य नाही अशांना निरोप दिला जाईल, असे उघडपणे सांगितले. टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने त्याआधी जुलैमध्ये सुमारे १२ हजार कर्मचारी कमी करण्याचा निर्णय घोषित केला होता. त्यात मधल्या व वरच्या फळीतील लोकांचा भरणा अधिक होता. ऑस्ट्रेलियात तर डेलॉइटला सरकारच्या रोजगार खात्यासाठी तयार केलेल्या, सुमारे ४ लाख ४० हजार ऑस्ट्रेलियन डॉलर किमतीच्या अहवालाच्या शुल्कातील काही रक्कम परत करावी लागली. अहवालात अस्तित्वातच नसलेले संदर्भ होते आणि कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर झाल्याचे नंतर मान्य करण्यात आले. नवख्या सल्लागाराची पहिली तीन-चार वर्षे ज्या कामात जात, ते वाचन, सारांश आणि तक्ते आता यंत्र करू लागले आहे. यंत्राने केलेले काम बरोबर की चूक हे सांगणारा माणूस मात्र हवाच आहे.

डेटा इंजिनीअरिंग म्हणजे नेमके काय, याविषयी बाहेर बराच गैरसमज आहे. आकड्यांवरून भाकिते करणे हे त्याचे काम नव्हे. वेगवेगळ्या ठिकाणी, वेगवेगळ्या रूपांत साठलेली माहिती गोळा करणे, ती स्वच्छ करणे, एकमेकींशी जोडणे आणि रोज ठरल्या वेळी वापरणाऱ्यापर्यंत पोहोचविणे, एवढेच ते काम आहे. शहराच्या पाणीपुरवठ्याशी त्याची तुलना करता येईल. नळाला पाणी येते तोवर जलवाहिन्यांची आठवण कोणालाच होत नाही.

ती आठवण इंग्लंडला २०२० च्या ऑक्टोबरमध्ये झाली. तेथील सार्वजनिक आरोग्य यंत्रणेने प्रयोगशाळांकडून आलेले करोना चाचण्यांचे निकाल एक्सेलच्या जुन्या पद्धतीच्या फाइलमध्ये भरले. या फाइलमध्ये ६५ हजार ५३६ हून अधिक ओळी मावत नाहीत. वरच्या ओळी निमूटपणे गळून पडल्या आणि १५ हजार ८४१ बाधितांची नोंद वेळेवर झालीच नाही. साहजिकच त्यांच्या संपर्कात आलेल्यांचा शोधही लांबला. अर्थशास्त्रात याहून जुने उदाहरण आहे. कार्मेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ यांच्या सरकारी कर्ज व विकासदराविषयीच्या २०१० मधील निबंधाचा आधार काटकसरीच्या धोरणाचे अनेक समर्थक घेत असत. २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ तक्ता मागवून पाहिला, तेव्हा सरासरी काढताना पाच देशांच्या ओळी निवडायच्याच राहून गेल्याचे उघड झाले. निबंधावर त्याखेरीज अन्य आक्षेपही होते. पण ही चूक कोणाही काळजीपूर्वक वाचणाऱ्याला सापडण्यासारखी होती, आणि तीन वर्षे ती सापडली नाही.

सल्लागाराच्या नित्याच्या कामात असे खड्डे पावलोपावली असतात. समजा, एका शेतकऱ्याची दोन कर्जखाती आहेत, एक ८० हजारांचे आणि दुसरे ४० हजारांचे. त्याच्या नावावर तीन गट क्रमांकांची जमीन आहे. कर्जाची यादी आणि जमिनीची यादी शेतकऱ्याच्या ओळख क्रमांकावर जोडली की दोन गुणिले तीन, अशा सहा ओळी तयार होतात आणि १ लाख २० हजारांचे कर्ज बेरजेत ३ लाख ६० हजार होऊन बसते. संगणक कोणतीही सूचना देत नाही. त्याच्या दृष्टीने सारे नियमानुसारच झालेले असते. एका गावापुरते हे लक्षात येईल, पण जिल्ह्याच्या आकड्यात ते मिसळले की ओळखणे कठीण. ‘एक ओळ म्हणजे नक्की काय, एक माणूस, एक खाते की एक गट?’ हा प्रश्न जोडणीपूर्वी विचारायचा असतो, हे डेटा इंजिनीअर पहिल्या महिन्यात शिकतो. पंधरा वर्षे सादरीकरणे केलेल्या सल्लागाराला ते अनेकदा ठाऊक नसते.

दुसरे उदाहरण ठाणे जिल्ह्याचे. २०११ च्या जनगणनेनुसार त्याची लोकसंख्या १ कोटी १० लाख ६० हजार १४८ होती. तेव्हा तो देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर वेगळा झाला आणि त्याच जनगणनेच्या आकड्यांनुसार ठाण्याकडे सुमारे ८० लाख ७० हजार, तर पालघरकडे सुमारे २९ लाख ९० हजार लोकसंख्या राहिली. आता २०११ चा भाजक आणि त्यानंतरचा भाज्य घेऊन दरडोई रुग्णालये किंवा दरडोई शाळा काढल्या, तर ठाण्याची स्थिती आहे त्याहून वाईट दिसेल. त्यात भर म्हणून २०२३ मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. एका विभागाच्या यादीत जुने नाव, दुसरीच्या यादीत नवे. जोडणी नावावर केली तर अख्खा जिल्हाच गळतो. शिवाय आडनावे आहेतच. ‘पाटील’ हे आडनाव रोमन लिपीत किती तऱ्हांनी लिहिले जाते, हे बँकेच्या शाखेत बसलेला कोणताही कारकून सांगेल.

येथेच बिगरतांत्रिक सल्लागाराचे सामर्थ्य लक्षात येते. पालघर कधी वेगळा झाला, विवाहानंतर आधारवरील आणि सातबाऱ्यावरील नाव का जुळत नाही, सोसायटीचे कर्ज आणि जिल्हा बँकेचे कर्ज यांत फरक काय, हे निष्णात संगणक अभियंत्याला ठाऊक असेलच असे नाही. सल्लागाराला ते ठाऊक असते, पण ते ज्ञान नेमके कोठे पेरायचे हे त्याला कळत नाही. मोठ्या संस्थांनी या दरीवर तोडगा काढला तो विकत घेऊन. मॅकिन्झीने २०१५ मध्ये क्वांटमब्लॅक ही डेटा विश्लेषणातील कंपनी ताब्यात घेतली. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने २०२२ च्या अखेरीस आपले तंत्रज्ञानविषयक गट ‘बीसीजी एक्स’ या नावाखाली एकत्र केले. त्यातून एका इमारतीत दोन मजले तयार झाले. दोन्हींमधील जिना चढता-उतरता येणारे थोडेच.

मग शिकायचे किती? इथे बाजारातील जाहिराती आणि प्रत्यक्षातील गरज यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. लाख-दोन लाख रुपये शुल्क, तेही हप्त्यांनी, आणि सोबत नोकरीची हमी अशा अभ्यासक्रमांत स्पार्क, काफ्का, क्लाउड अशा नावांची रांग लावलेली असते. ज्याला रोज कोट्यवधी नोंदी हाताळायच्या आहेत त्याच्यासाठी ती साधने आवश्यकच आहेत. जिल्हा पातळीवरील योजनेचे मूल्यमापन करणाऱ्याला त्यांची गरज बहुधा कधीच पडणार नाही. त्याने आधी एसक्यूएल शिकावे. १९७० मध्ये आयबीएमच्या एडगर कॉड यांनी मांडलेल्या संबंधाधारित रचनेवर उभी असलेली आणि १९७४ च्या सुमारास चेंबरलिन व बॉइस यांनी आकाराला आणलेली ही भाषा पन्नास वर्षांनंतरही टिकून आहे. या क्षेत्रात असे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला आले. रोज एक तास दिला तर तीन-चार महिन्यांत कामापुरते एसक्यूएल येते. त्यापाठोपाठ पायथन वाचता येण्याइतपत, बदलांची नोंद ठेवण्याची शिस्त, आणि तक्ता हाती आला की ओळी किती, रिकामे रकाने किती, दुबार नोंदी किती हे तपासण्याची सवय. यासाठी पैसे मोजण्याची फारशी गरज नाही. पोस्टग्रेसक्यूएल विनामूल्य आहे, एनपीटीईएलवर व्याख्याने उपलब्ध आहेत आणि जनगणनेचे तक्ते सर्वांना खुले आहेत. संपूर्ण पदवीच हवी असेल तर आयआयटी मद्रासचा २०२० पासून सुरू असलेला ऑनलाइन अभ्यासक्रम आहे. पण तो नोकरी सांभाळून वर्षानुवर्षे रेटायचा उद्योग आहे, हे घरच्यांशी बोलूनच ठरवावे.

सराव मात्र अशिलाच्या माहितीवर करू नये. कार्यालयातील यादी घरच्या संगणकावर आणून तीवर हात साफ करण्याचा मोह अनेकांना होतो. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातील जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्याने लागू होण्याची तरतूद आहे. माहितीच्या सुरक्षेतील हयगयीसाठी २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. कायदा नसता तरी शेतकऱ्याचे कर्ज ही सरावाची वस्तू नव्हे.

एसक्यूएल आता यंत्रच लिहून देते, मग शिकायचे कशाला, असा युक्तिवाद हल्ली ऐकू येतो. त्यात तथ्य आहे. आज्ञेची व्याकरणशुद्ध मांडणी पाठ करण्याचे मोल निश्चितच घटले आहे. परंतु वरील सहा ओळींची जोडणी यंत्रही तितक्याच आत्मविश्वासाने करू शकते आणि उत्तर साडेतीन लाखांच्या वर आणून देऊ शकते. लिहिण्यापेक्षा वाचणे महत्त्वाचे झाले आहे, आणि वाचता येण्यासाठी काही काळ लिहावेच लागते.

याची एक किंमतही आहे, आणि तिची वाच्यता अभ्यासक्रमांच्या जाहिरातींत होत नाही. सल्लागार संस्थांत बढती मिळते ती अशिलाशी असलेल्या संबंधांवर आणि आणलेल्या कामावर. ज्याला आकडे हाताळता येतात त्याच्याकडे साऱ्या गटाचे तक्ते येऊन पडतात. तो रात्री याद्या जुळवत बसतो आणि सकाळच्या बैठकीत सादरीकरण दुसराच करतो. दोन-तीन वर्षांत ‘आकडेवाला’ हा शिक्का बसतो. अभियंत्यांच्या गटात त्याला पूर्ण प्रवेश नसतो, सल्लागारांच्या गटातून तो हळूहळू बाहेर पडलेला असतो. हे टाळायचे तर केवळ कर्मचाऱ्याने शिकून भागणार नाही. प्रकल्पाचे अंदाजपत्रक करतानाच माहितीच्या तपासणीसाठी वेगळे दिवस आणि वेगळा मोबदला धरायला हवा, आणि निविदा काढणाऱ्या सरकारी विभागांनीही केवळ अहवालाची पाने न मोजता, तो ज्या तक्त्यांवर उभा आहे ते तक्ते आणि त्यांवरील प्रत्येक प्रक्रिया मागून घ्यायला हवी. हर्नडनला मूळ तक्ता मिळाला म्हणून चूक सापडली. मंत्रालयातील एखाद्या कक्ष अधिकाऱ्याने तसा तक्ता मागितला, तर तो देण्याच्या स्थितीत किती सल्लागार असतील?

१ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख असलेली जनगणना देशातील पहिली डिजिटल जनगणना म्हणून आखण्यात आली आहे. तिचे आकडे हाती आले की २०११ शी तुलना करणाऱ्या अहवालांची रीघ लागेल. शाळा, दवाखाने, रेशन दुकाने, पाणी यांचे नवे हिशेब मांडले जातील. त्या तुलनेत ठाण्याच्या रकान्यासमोर २०११ चा आकडा म्हणून १ कोटी १० लाख लिहिले जाते की ८० लाख ७० हजार, यावर पालघरमधील किती आरोग्य केंद्रे कागदावर गरजेची ठरतात हे अवलंबून राहील.