शहराचा आवाज

घरी, रिक्षात किंवा चहाच्या दुकानात लागलेला रेडिओ तुम्ही ऐकता. त्यासाठी तुम्ही एक पैसाही देत नाही. मग गाणी लावणाऱ्यांचा खर्च कोण भागवतो? जाहिरात देणारे दुकानदार आणि कारखानदार. अशा रेडिओला व्यापारी रेडिओ म्हणतात. त्याने आपल्या शहरासाठी काय करावे, हा आज माझा विषय आहे.

आपल्याकडे या रेडिओची गोष्ट परदेशी केंद्रापासून सुरू होते. १९५२ साली बा. वि. केसकर हे माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. त्यांना चित्रपटगीते हलकी वाटत. आकाशवाणीवर ती फारशी ऐकू येईनाशी झाली. लोकांनी काय केले? रेडिओचा काटा फिरवला आणि सिलोन केंद्र लावले! तिथे त्याच वर्षी अमीन सायानी यांची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली. श्रोते हातचे गेलेले पाहून सरकारला नमते घ्यावे लागले. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी ‘विविध भारती’ सुरू झाली आणि १९६७ पासून तिच्यावर जाहिरातीही येऊ लागल्या.

अमीन सायानींच्या घरची एक हकीकत तुम्हांला आवडेल. त्यांच्या आई कुलसुम सायानी ‘रहबर’ नावाचे पाक्षिक काढत. ते देवनागरी, उर्दू आणि गुजराती या तीन लिप्यांत छापले जाई. भाषा मात्र एकच, साधी हिंदुस्थानी. लहानपणी त्या कामात हातभार लावता लावता अमीनना सोपे बोलण्याची सवय लागली. पुढे तीच सवय रेडिओवर कामी आली.

खासगी केंद्रांना मात्र फार वाट पाहावी लागली. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. २००१ साली बंगळूरला देशातले पहिले खासगी एफएम केंद्र सुरू झाले. २००५ च्या धोरणानंतर लहान शहरांची पाळी आली. कोल्हापूरला रेडिओ मिरची आले आणि ‘पुढारी’ या येथल्याच वृत्तपत्र समूहाचे ९४.३ वरचे टोमॅटो एफएमही आले. मिरची आणि टोमॅटो! तांबड्या रश्श्याच्या गावाला ही नावे शोभतात खरी.

आता माझे म्हणणे ऐका. एफएमच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, म्हणून त्या फार दूर पोहोचत नाहीत. कोल्हापूरचे केंद्र ऐकणारे लोक कोल्हापूरचे आणि आसपासच्या गावांचेच असणार. लहरच गावापुरती आहे, तर बोलणे मुंबईचे कशाला? गुजरीतल्या सराफाला किंवा चप्पल लाईनमधल्या दुकानदाराला दूरदर्शनवरची जाहिरात परवडत नाही, इथली परवडते. हा फायदा मोठाच आहे. पण जाहिरात इथली आणि बाकी सारे बाहेरचे, असे होऊ नये.

शाहू महाराजांच्या दरबारात उस्ताद अल्लादिया खाँ गात असत. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारख्या थोर गायिका त्यांच्या शिष्या. ज्या शहरात त्यांचे गाणे वाढले, त्या शहराच्या खासगी केंद्रांवर त्या घराण्याचे गाणे आठवड्यातून किती वेळा लागते? एकदा वही घेऊन बसा आणि मोजा.

दुसरी गोष्ट बातम्यांची. खासगी केंद्रांना स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणाने आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवायला परवानगी दिली. हवामान, वाहतूक, परीक्षांचे निकाल, पाणी व वीजपुरवठा, नैसर्गिक आपत्ती यांची माहितीही देता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचे पाणी शहरात शिरले होते, हे घरच्या मोठ्यांना विचारा. अशा वेळी वीज नसली तरी सेलवरचा रेडिओ चालतो. वर्तमानपत्रांना आणि दूरचित्रवाणीला स्थानिक बातम्या देता येतात, मग रेडिओलाच बंदी का? अफवा पसरतील ही भीती मला समजते. पण चूक करणाऱ्याला शिक्षा करावी, सगळ्यांची तोंडे बांधू नयेत.

केंद्र चालवणारे म्हणतील, “शास्त्रीय गाण्याला जाहिरात कोण देणार?” पण ‘गीतमाला’सुद्धा दंतमंजनाच्या जाहिरातीवरच चालत होती, आणि तिला श्रोत्यांच्या पत्रांचे ढीग येत. श्रोते मागतात तिकडे जाहिरातदार वळतो. तेव्हा तुम्ही मागा. पत्रात कार्यक्रमाचे नाव, त्याची वेळ आणि तुम्हांला काय ऐकायचे आहे, ते स्पष्ट लिहा. पत्र मराठीतून लिहा. तेवढाच सरावही होईल.