‘चालत नाही’ आणि ‘चालू देत नाहीत’

माझा भाचा एकोणीस वर्षांचा आहे. भिवंडीत राहतो, डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि रात्री अकरानंतर तो घरात कुणाचाच नसतो, गेमचा असतो. त्याचा पीसी त्याने लॅमिंग्टन रोडवरून वापरलेले भाग गोळा करून जोडलाय. इंटेलचा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम, एएमडीचं आरएक्स ५७० कार्ड. अर्धे पैसे बहिणीने भिशीतून दिले, अर्धे त्याने दोन उन्हाळे मोबाइलच्या दुकानात काम करून उभे केले. २०२५ च्या ऑक्टोबरात त्याचा फोन आला.

"मामू, पीसी भंगारात गेला."

"जळला का?"

"नाही, मस्त चालतो. पण विंडोज टेन बंद झालं आणि इलेव्हन यावर चढत नाही. दुकानवाला म्हणतो, प्रोसेसर, मदरबोर्ड सगळंच नवं घ्यावं लागेल."

मस्त चालतो, पण भंगार! हे वाक्य त्याने इतक्या सहज उच्चारलं की मला तेच जास्त लागलं. शिलाई मशीन, सायकल, पंखा यांच्याबद्दल असं वाक्य आपण कधी ऐकून घेतलं असतं का? वस्तू बिघडली नाही, झिजली नाही, फक्त कुणाच्या तरी यादीत तिचं नाव नाही, म्हणून ती बाद. आणि आपण मान डोलावून पुढच्या वस्तूसाठी पैसे जमवायला लागतो.

यादीची गोष्ट अशी. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नेहमीचा आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० नावाची सुरक्षा-सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर, थोडे अपवाद वगळता, तो आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा लागतो. म्हणजे २०१७ च्या आधी घेतलेली बहुतेक यंत्रं रांगेबाहेर. सामान्य ग्राहकांना सुरक्षा अपडेटसाठी एका वर्षाची मुदतवाढ मिळाली, तीही ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्टच्याच एका कर्मचाऱ्याने जाहीर कार्यक्रमात विंडोज १० ला ‘शेवटचं विंडोज’ म्हटलं होतं. शेवट झाला तो विंडोजचा नव्हे, लोकांच्या यंत्रांचा. या निर्णयामुळे सुमारे २४ कोटी कॉम्प्युटर कचऱ्यात जाऊ शकतात, असा अंदाज कॅनालिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस मांडला होता.

हा कचरा कुठे जातो, हे भिवंडी-मुंब्र्याच्या वाचकाला सांगायला नको. तो कुर्ल्याच्या, साकीनाक्याच्या भंगार गल्ल्यांत येतो, मुरादाबादला जातो. तिथे हातमोजे न घालता बोर्ड फोडले जातात, तांब्यासाठी वायरी जाळल्या जातात. तो धूर कुणाच्या छातीत जातो आणि ती पोरं कुणाच्या घरची असतात, हेही आपल्याला ठाऊक आहे. म्हणून ‘नवा घेऊन टाक’ हा सल्ला मला साधा वाटत नाही.

मी भाच्याला म्हणालो, "लिनक्स टाक." तो हसला. "मामू, लिनक्सवर गेम चालत नाहीत."

माझं सगळं भांडण या एका वाक्याशी आहे. हे वाक्य वीस वर्षं खरं होतं. आज ते अर्धसत्य आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागात एक लबाडी लपलेली आहे.

आधी खरं काय ते पाहू. बहुतेक गेम विंडोजसाठी लिहिलेले असतात. ते विंडोजच्या भाषेत हाका मारतात, चित्र काढायचं असलं की डायरेक्टएक्सला सांगतात. लिनक्सला या हाका कळत नाहीत. मग मध्ये दुभाषी हवा. १९९३ पासून वाईन नावाचा प्रकल्प हे काम करत आला, पण गेमच्या बाबतीत तो अडखळायचा. २०१८ च्या ऑगस्टमध्ये स्टीमवाल्या वाल्व कंपनीने, कोडवीव्हर्सच्या साथीने, वाईनवरच उभारलेलं प्रोटॉन आणलं. त्यातला डीएक्सव्हीके हा भाग डायरेक्टएक्सच्या हाका व्हल्कन या खुल्या भाषेत उलथवतो. यात अख्खं नकली विंडोज उभं करावं लागत नाही, त्यामुळे वेग फारसा मरत नाही. २०२२ मध्ये वाल्वने स्टीम डेक हे हातात धरून खेळायचं यंत्र बाजारात आणलं. ते लिनक्सवरच चालतं. लाखो लोक त्यावर विंडोजचे गेम खेळतात आणि त्यातल्या अनेकांना आपण लिनक्स वापरतोय याचा पत्ताही नसतो.

म्हणजे एल्डन रिंग, सायबरपंक २०७७, विचर ३ यांसारखे एकट्याने खेळायचे बहुतेक मोठे गेम चालतात. काउंटर-स्ट्राइक २ आणि डोटा २ यांना तर दुभाष्याचीही गरज नाही, ते मुळात लिनक्ससाठीही बनलेले आहेत. कोणता गेम किती नीट चालतो, हे प्रोटॉनडीबीवर खेळणाऱ्यांनीच लिहून ठेवलेलं सापडतं.

आता लबाडीकडे येऊ. व्हॅलोरंट लिनक्सवर चालत नाही. फोर्टनाइट चालत नाही. लीग ऑफ लेजेंड्स २०२४ पासून चालत नाही. एपेक्स लेजेंड्स प्रोटॉनवर चालत होता. ऑक्टोबर २०२४ च्या अखेरीस ईएने लिनक्सवाल्यांना दार बंद केलं. जीटीए ५ ची कथा आजही चालते, पण सप्टेंबर २०२४ मध्ये रॉकस्टारने त्याच्या ऑनलाइन भागाला बॅटलआय हा चीटर पकडणारा पहारेकरी जोडला आणि लिनक्सवरून खेळणारे बाहेर फेकले गेले. हेच बॅटलआय २०२१ पासून प्रोटॉनवर चालू शकतं. गेम बनवणाऱ्या कंपनीने तशी सोय मागून घ्यायची असते. रॉकस्टारने ती घेतली नाही.

काल चालत होतं, आज चालत नाही. मधल्या रात्रीत लिनक्स बिघडलं का? नाही. कुणीतरी निर्णय घेतला. तेव्हा ‘चालत नाही’ म्हणू नका, ‘चालू देत नाहीत’ म्हणा. ‘चालत नाही’ म्हटलं की दोष यंत्राचा होतो आणि आपण गप्प बसतो. ‘चालू देत नाहीत’ म्हटलं की लगेच पुढचा प्रश्न येतो: कोण, आणि का?

कंपन्यांचं उत्तर असं की लिनक्स खुलं आहे, तिथे चीटरला लपायला जागा जास्त. हे उत्तर मी झटकून टाकणार नाही. चीटर खेळाचं वाटोळं करतात, हे रोज खेळणाऱ्या पोरांना विचारा. काउंटर-स्ट्राइकवाले चीटरच्या नावाने बोटं मोडतात, तेही मी ऐकतो. पण उपाय काय निवडला तो बघा. व्हॅलोरंटचा व्हॅनगार्ड थेट कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात बसतो आणि कॉम्प्युटर सुरू होतानाच जागा होतो. गल्लीत चोर येतो म्हणून पहारेकऱ्याला आपल्या तिजोरीची किल्ली देऊन घरातच झोपवण्याचा हा प्रकार आहे. आणि इतकं करूनही विंडोजवर चीटर संपलेले नाहीत.

गाभ्यात बसलेलं सॉफ्टवेअर चुकलं तर काय होतं, ते १९ जुलै २०२४ ला जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि मायक्रोसॉफ्टच्याच अंदाजाने ८५ लाख विंडोज यंत्रं निळी पडली. आपल्याकडे विमानतळांवर बोर्डिंग पास हाताने लिहून दिले गेले. ती सुरक्षेच्या धंद्यातली कंपनी होती. इथे आपण तोच अधिकार गेमवाल्यांना देतोय, रात्री दोन तास खेळता यावं म्हणून.

आणखी एक गोष्ट आपल्याच घरची आहे, ती बोलायला हवी. "विंडोज तर फुकटच मिळतं" असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. फुकट म्हणजे काय? दुकानदार चोरीची प्रत टाकून देतो, ती चालू करण्यासाठी एक ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ चालवतो आणि तो चालावा म्हणून आधी अँटी-व्हायरस बंद करतो. भाच्याच्या पीसीवर एका दुकानात हेच झालं होतं. ज्या यंत्रावर तो आईच्या खात्यातून यूपीआय करतो, परीक्षेचे फॉर्म भरतो, त्याचं दार एका अनोळखी फाइलसाठी उघडं ठेवलेलं. लिनक्स फुकट आहे ते उजळ माथ्याने. ते कुणाचं चोरलेलं नसतं आणि मित्राला प्रत करून दिली तर तो गुन्हा नसून हक्क असतो. एकोणीस वर्षांच्या पोराने आपलं पहिलं यंत्र चोरट्यासारखं वापरायला शिकावं की मालकासारखं, हा प्रश्न मला लहान वाटत नाही.

लिनक्सवाल्यांनाही चार शब्द ऐकवले पाहिजेत. नवखा पोरगा साधा प्रश्न घेऊन आला की "आधी वाचून ये" म्हणून त्याला हाकलायचं, दहा डिस्ट्रोंची नावं तोंडावर फेकायची, आणि मग लोक येत नाहीत म्हणून रडायचं. हा उर्मटपणा कोणत्याही कंपनीने शिकवलेला नाही. सरकारचंही तेच. केरळच्या सरकारी शाळांत पोरं दोन दशकं मुक्त सॉफ्टवेअरवर कॉम्प्युटर शिकताहेत. महाराष्ट्रात सरकारी नोकरीसाठी जो एमएस-सीआयटी लाखोंनी केला, त्यातून कॉम्प्युटर म्हणजे विंडोज आणि लिहिणं म्हणजे वर्ड असंच समीकरण घरोघर रुजलं. एका कंपनीच्या मेनूंना आपण साक्षरता म्हणालो.

कुणी विचारेल, मग वाल्व काय धर्मादाय संस्था आहे? अजिबात नाही. तिचे मालक गेब न्यूएल स्वतः मायक्रोसॉफ्टमधून बाहेर पडलेले. २०१२ मध्ये विंडोज ८ आलं, त्यात मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं दुकान होतं. तेव्हा स्टीमचं दुकान उठेल या भीतीने त्यांनी लिनक्सची वाट धरली. वाल्वही आपल्याला गेम विकत नाही, वापरायचा परवाना विकते. फरक एवढाच की प्रोटॉनचा कोड खुला आहे. उद्या वाल्वची नियत फिरली तरी तो कोड परत घेता येणार नाही. मालकाच्या चांगुलपणावर विसंबावं लागत नाही, हाच खरा फायदा.

भाच्याने शेवटी काय केलं? आधी सगळा डेटा दुसऱ्या डिस्कवर उतरवला. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट इन्स्टॉल न करताच चालवून पाहिलं: वायफाय, आवाज, कंट्रोलर. मग टाकलं. एएमडीच्या कार्डाचा ड्रायव्हर लिनक्समध्ये आधीच असतो, तो शोधावा लागला नाही. गेम त्याने जुन्या विंडोजच्या पार्टिशनवरून चालवायचा प्रयत्न केला, ते रखडले. लिनक्सच्या पार्टिशनवर नव्याने उतरवल्यावर चालले. एपिकवरचे फुकट गोळा केलेले गेम हिरोइक नावाच्या लाँचरने चालवले. पहिल्यांदा सुरू करताना काही गेम अडकतात, एक-दोन अजूनही नीट चालत नाहीत. दोन रात्री त्याने मला शिव्या दिल्या असतील, मामू असल्यामुळे ऐकू आल्या नाहीत.

व्हॅलोरंट मात्र गेला. त्याचे चार मित्र तोच खेळतात. हे नुकसान मी लपवणार नाही; त्या वयात मित्रांची टीम सुटणं म्हणजे काय, ते मोठ्यांनी हसण्यावारी नेऊ नये. ज्याचं सगळं खेळणं अशा दोन-तीन गेमवरच उभं आहे, त्याने आज विंडोज सोडू नये, किंवा दुसऱ्या डिस्कवर ते ठेवावं. पण तेवढ्यासाठी इतर सगळ्यांनी चालतं यंत्र भंगारात का घालावं?

परवा गेलो होतो तेव्हा तो मित्राला फोनवर सांगत होता, "अरे, व्हॅलोरंट लिनक्सवर चालू देत नाहीत." मी काही बोललो नाही. शब्द बरोबर होता.